परसातल्या कोंबड्यांचा गुन्हा काय?

आमच्या आळीतल्या मावशींच्या दारावर गेल्या वर्षी एक कागद चिकटवला गेला. मजकूर थोडाच होता. घराच्या आवारात कोंबड्या पाळून आपण परिसरात उपद्रव निर्माण करत आहात, त्या सात दिवसांत हलवाव्यात, अन्यथा जप्त करण्यात येतील. कोंबड्या होत्या चार. तीन तांबड्या, एक ठिपक्यांची. कोंबडा नव्हताच, तो आदल्या वर्षी मुंगसाने नेला होता. स्वयंपाकघराच्या मागे, नळाच्या पलीकडे दगडमातीचं खुराडं, तेही मावशींच्या सासूबाईंच्या वेळचं. आमचं गाव शहराच्या हद्दीत गेलं त्याला काही वर्षं झाली होती. शेजारची सात मजली इमारत उभी राहून चार. तक्रार त्या इमारतीतून गेली होती, आणि ती एकाच माणसाची होती.

मावशींनी मुलीकडून कागद वाचून घेतला आणि पुढच्या बाजारी चारही कोंबड्या विकून टाकल्या. त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. सरकारी कागद म्हणजे चूक आपलीच असणार, हे त्यांनी धरूनच चाललेलं. मला या लेखात बोलायचंय ते याच धरून चालण्याबद्दल.

तक्रार करणाऱ्या गृहस्थांवर माझा राग नाही. त्यांना त्रास झाला असेल, तो सांगण्याचा त्यांना हक्क आहे. माझा वाद आहे तो एका वाक्याशी. वॉर्डाच्या बैठकीत, सोसायटीच्या सभेत, आरोग्य निरीक्षकाच्या टेबलावर ते सारखं कानावर पडतं: ‘हे आता खेडं राहिलेलं नाही.’ हे वाक्य उच्चारलं की पुढचं काही सिद्ध करावं लागत नाही. कोंबडी ही खेड्याची, हे शहर झालं, म्हणून कोंबडी गेली पाहिजे. या तर्कातली प्रत्येक पायरी मला तपासून पाहायची आहे.

पहिली पायरी, शहर होण्याची. पुण्याच्या हद्दीत २०१७ साली ११ गावं आली आणि २०२१ साली आणखी २३. वसई-विरार महापालिका २००९ साली झाली तेव्हा तिथल्या गावांनी मोठं आंदोलन केलं, कारण वाडी, विहीर, केळी, पानवेल आणि दारची कोंबडी हे ज्यांचं जगणं होतं त्यांना शहर नको होतं. मुंबईतले कोळीवाडे आणि गावठाणं तर शहराच्या आधीपासूनची. या साऱ्या ठिकाणी माणसं जागची हलली नाहीत, हद्द हलली. अधिसूचना निघाली आणि ग्रामपंचायतीच्या कपाटातलं दप्तर महापालिकेच्या कपाटात गेलं. पाण्याच्या लाइनला, ड्रेनेजला, रस्त्याला वर्षं लागतात, ते आपण समजून घेतो. मग अंगणातल्या खुराड्यालाच सात दिवसांची मुदत कशी? शहरातून कुणी कोंबड्या घेऊन आमच्या गावात आलेलं नव्हतं. कोंबड्या होत्या, आणि त्यांच्या कुंपणाला लागून फ्लॅट विकले गेले. घर घेताना माणूस गॅलरीतून खाली बघतो, त्याला ते खुराडं दिसलेलं असतं.

दुसरी पायरी कायद्याची. लोकांना वाटतं, शहरात कोंबड्या पाळायला कायद्यानेच बंदी आहे. मुंबईचा महापालिका अधिनियम १८८८ सालचा. त्यात डुकरांचा उल्लेख नावानिशी येतो: ती पाळायला आयुक्तांची लेखी परवानगी हवी. इतर प्राण्यांबाबत त्याचं म्हणणं असं की ते कुणाला उपद्रव होईल किंवा धोका होईल अशा रीतीने ठेवू नयेत. शहरी भागात गुरं पाळण्यावर आणि त्यांची ने-आण करण्यावर नियंत्रण ठेवायला १९७६ साली राज्याने वेगळा कायदा केला. परवान्याची कलमं आहेत ती धंद्यासाठी. घरच्या चार-पाच कोंबड्यांसाठी, किती चालतील, भिंतीपासून किती अंतरावर, कशा ठेवाव्यात, असा साधा नियम सामान्य माणसाला कुठे वाचायला मिळत नाही. त्यांना लावला जातो तो फक्त ‘उपद्रव’ हा शब्द.

आणि हा शब्द कसा वापरला जातो ते बघा. कायदा विचारतो, उपद्रव होतो का? कार्यालय बघतं, कोंबड्या आहेत का? हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर द्यायला कुणीतरी जागेवर यावं लागतं, वास आहे का ते पाहावं लागतं, आवाज कधी आणि किती ते ऐकावं लागतं, माश्या, उंदीर, सांडपाणी बघून पंचनामा करावा लागतो. दुसऱ्याचं उत्तर गेटबाहेरून मिळतं. मावशींच्या दारावर कागद चिकटवणारा माणूस खुराड्यापर्यंत गेलाच नाही. तक्रार हाच पुरावा मानला गेला. भारतीय न्याय संहितेतसुद्धा सार्वजनिक उपद्रवाची व्याख्या आहे, कलम २७०, आणि तो सिद्ध झाला तर एक हजार रुपयांपर्यंत दंड. म्हणजे गुन्हा सिद्ध झालेल्या माणसाला हजार रुपये दंड, आणि काहीही सिद्ध न झालेल्या बाईचं खुराडं रिकामं. हा न्याय मला मान्य नाही.

आता कोंबड्या नकोत म्हणणाऱ्यांची कारणं घेऊ. त्यात एक खरोखर गंभीर आहे, त्यावर मी जास्त बोलणार आहे. ते कारण म्हणजे बर्ड फ्लू.

महाराष्ट्राला याची आठवण देण्याची गरज नाही. भारतात या रोगाचा एच५एन१ विषाणू पहिल्यांदा सापडला तो आपल्याकडे, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात, फेब्रुवारी २००६ मध्ये. लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या, अनेक शेतकरी कर्जात बुडाले. २०२१ च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्यात तो पुन्हा आला. नवापूर आणि मुरुंब्यात रोग सापडला तो मोठ्या शेडमध्ये, एका छपराखाली हजारो पक्षी ठेवणाऱ्या फार्मवर. पण तेवढ्यावरून घरची कोंबडी निर्धोक असं मी म्हणणार नाही. जानेवारी २०२५ मध्ये उरण तालुक्यातल्या चिरनेर गावात हा रोग घरगुती कोंबड्यांतच सापडला. उघड्यावर फिरणारी कोंबडी कावळ्याच्या, पाणपक्ष्यांच्या संपर्कात येते. धोका खरा आहे.

प्रश्न एवढाच, की बंदीने तो कमी होतो का. मला वाटतं, वाढतो. बर्ड फ्लू आला की काय करायचं हे ठरलेलं आहे. रोग सापडलेल्या जागेभोवती एक किलोमीटरच्या आतले सगळे पक्षी मारायचे, अंडी आणि खाद्य नष्ट करायचं, मालकाला भरपाई द्यायची आणि दहा किलोमीटरपर्यंत पाळत ठेवायची. हा सगळा डोलारा एका गोष्टीवर उभा आहे: कुणाच्या तरी दारात दोन कोंबड्या अचानक मेल्या, की त्या माणसाने त्याच दिवशी दवाखान्यात कळवलं पाहिजे. प्राण्यांच्या संसर्गजन्य रोगांबाबतच्या २००९ च्या केंद्रीय कायद्याने ते त्याच्यावर बंधनकारकही केलं आहे. आता विचार करा. ज्याच्या कोंबड्याच बेकायदेशीर ठरवल्या आहेत, तो कळवेल का? कळवलं तर आधी स्वतःचा गुन्हा कबूल करायचा, आणि भरपाई मिळेल की दंड बसेल हे ठाऊक नाही. तो मेलेली कोंबडी पिशवीत घालून रात्री नाल्यात टाकेल. बंदी घातलेल्या वस्तीत कोंबड्या संपत नाहीत. त्या न्हाणीत, जिन्याखाली, पत्र्याच्या शेडमध्ये फळ्या लावून ठेवल्या जातात, जिथे हवा नाही, ऊन नाही आणि पशुवैद्यक पोचत नाही. रोगाला याहून सोयीची जागा नाही.

मानमोडीचंही तसंच. राणीखेत म्हणतात ती. मान वाकडी होते, हिरवट शिटते, आणि एका आठवड्यात आळीतली सगळी खुराडी रिकामी होतात. माणसाला तिचा मोठा धोका नाही, पण पाळणाऱ्याचं सगळं जातं. लस आहे, स्वस्त आहे. अडचण वेगळीच आहे. लशीची कुपी शंभर किंवा त्याहून जास्त मात्रांची येते आणि एकदा द्रावणात मिसळली की दोन-तीन तासांत संपवावी लागते. चार कोंबड्यांसाठी कुणी ती फोडत नाही. म्हणून चार कोंबड्या लशीवाचून राहतात. त्यावर उपाय एकच. वॉर्डात कुणाकडे किती पक्षी आहेत याची यादी असावी, आणि ठरलेल्या सकाळी सगळ्यांनी आपापली डालगी घेऊन एका ठिकाणी यावं. गावात पशुधन पर्यवेक्षक हे करत आलेत. शहरात ते होत नाही, कारण यादी नाही. आणि यादी नाही, कारण नाव नोंदवायला गेलं तर नोटीस यायची भीती. ज्यांना रोगाची खरी काळजी आहे, त्यांनी बंदीच्या नव्हे तर नोंदणीच्या बाजूने उभं राहिलं पाहिजे.

साल्मोनेलाचंही सांगितलं पाहिजे. अमेरिकेत २०२० साली घरच्या कोंबड्यांशी संबंध असलेले या जंतूचे १,७२२ रुग्ण नोंदले गेले. त्यावर तिथल्या आरोग्य यंत्रणेने लोकांना काय सांगितलं? कोंबडीला हात लावला की साबणाने हात धुवा, लहान मुलांना पिलांचे मुके घेऊ देऊ नका, खुराड्यात घालायच्या चपला घरात आणू नका. आमच्याकडच्या बायकांना यातलं बरंचसं सांगावं लागत नाही. सांगावं लागलं तर सांगता येतं.

आवाजाचा मुद्दा मला अर्धा मान्य आहे. अर्धा म्हणतो, कारण शहरातल्या बऱ्याच जणांना कोंबडा आणि कोंबडी यांतला फरक या वादात आठवत नाही. अंडं मिळवायला कोंबडा लागत नाही. पिलं हवी असतील, अंडी रवणीला घालायची असतील, तरच लागतो. कोंबडी अंडं घातल्यावर दोन-चार मिनिटं कलकलते, तेही दिवसा. एरवी तिचा आवाज शेजारच्या मिक्सरपेक्षा कमी. कोंबड्याचं वेगळं. तो पहाटे साडेतीन-चारला आरवतो, आणि भिंतीला भिंत लागलेल्या वस्तीत तान्ह्या बाळाच्या आईला, रात्रपाळी करून आलेल्या माणसाला, आजाऱ्याला त्याचा खरा त्रास होतो. डालग्यावर पोतं टाकून तो थोडा दबतो, थांबत नाही. नागोया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ साली दाखवलं, की सतत मंद उजेडात ठेवलेला कोंबडासुद्धा पहाटेची वेळ होताच आरवतो, कारण वेळ त्याच्या शरीरात असते. कोंबडं झाकून तांबडं फुटायचं राहत नाही हे आपल्याला ठाऊक होतंच. झाकल्याने आरवायचंही राहत नाही, एवढं त्यात जोडून घ्यावं. तेव्हा दाट वस्तीत कोंबडा नको, हा नियम मी आनंदाने मान्य करतो. पण ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा लिहिलेली आहे, ती मोजण्याचं यंत्रही असतं. ते कोंबड्यापुढे धरा, तसंच मांडवातल्या स्पीकरपुढेही धरा.

फ्रान्सचं एक प्रकरण इथे सांगण्यासारखं आहे. ओलेरों बेटावरच्या मॉरिस नावाच्या कोंबड्यावर सुट्टीपुरतं येऊन राहणाऱ्या शेजाऱ्यांनी दावा लावला. सप्टेंबर २०१९ मध्ये रोशफोरच्या न्यायालयाने तो फेटाळला आणि शेजाऱ्यांनाच कोंबड्याच्या मालकिणीला हजार युरो द्यायला लावले. पुढे जानेवारी २०२१ मध्ये त्या देशाने कायदाच केला, की ग्रामीण भागातले आवाज आणि वास हा तिथल्या वारशाचा भाग आहे. पुण्याच्या कडेची वस्ती म्हणजे ओलेरों नव्हे, हे मला कळतं. पण जो उशिरा राहायला आला त्याने आधीच्याचं जगणं बंद करू नये, हा विचार तिथल्या न्यायालयाला आणि संसदेला पटला, आपल्याकडे तो अजून विचारात घ्यायचाच आहे.

वास आणि उंदीर. एक कोंबडी दिवसाला साधारण शंभर-सव्वाशे ग्रॅम शिटते. चार कोंबड्यांची अर्धा किलो. खाली साळीचं तूस किंवा वाळका पाला पसरला, आठवड्याने बदलला, तर वास येत नाही आणि पपईला, कढीपत्त्याला खत होतं. तसंच ओलं साचू दिलं तर दुर्गंधी सुटते. उंदीर कोंबडीमागे येत नाहीत, सांडलेल्या दाण्यामागे येतात. संध्याकाळी भांडं उचललं आणि दाणे पत्र्याच्या डब्यात ठेवले तर येत नाहीत. हे सगळं नियमात दोन ओळींत लिहिता येण्यासारखं आहे. जो पाळत नाही त्याला दंड करा, मी स्वतः तक्रार देईन.

यानंतरचं कारण मला सर्वांत जास्त खुपतं. ‘अंडी दुकानात मिळतात, घरात उकिरडा कशाला?’ दुकानातलं अंडं कुठून येतं? तारेच्या पिंजऱ्यातून. अंडी देणाऱ्या कोंबड्यांसाठी केंद्राने २०२३ साली नियम केले, त्यात एका कोंबडीला किमान जागा ठरवली ५५० चौरस सेंटिमीटर. झेरॉक्सचा साधा कागद ६२४ चौरस सेंटिमीटरचा असतो. म्हणजे त्या कागदाहून लहान जागेत आयुष्य काढणारी कोंबडी नियमात बसते, आणि दिवसभर अंगणात माती उकरणारी, धुळीत अंघोळ करणारी, सांज झाली की आपण होऊन खुराड्यात शिरणारी कोंबडी नियमाबाहेर. मोठी फार्म बंद करा असं मी म्हणत नाही, देशाची गरज त्यांनीच भागवली. पण स्वच्छतेच्या आणि सभ्यतेच्या नावाखाली एकीला हाकलून दुसरीचं अंडं विकत आणताना निदान हे ठाऊक असावं.

पोटाचाही हिशेब आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेची शिफारस माणशी वर्षाला १८० अंड्यांची. २०२३-२४ मध्ये देशात माणशी उपलब्ध होती १०३. गिरिराज जातीची कोंबडी अंगणात राहून वर्षाला १३०-१५० अंडी देते. अशा चार कोंबड्या म्हणजे साडेपाचशे अंडी, तीन माणसांची शिफारशीइतकी गरज. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्याने शाळेत मुलांना आठवड्यातून एक अंडं द्यायचं ठरवलं होतं. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा सरकारी निधी थांबला. मग घरच्या अंड्याची किंमत आणखी वाढते. आणि तो पैसा बाईच्या हातातला असतो. मावशी दोन घरी अंडी द्यायच्या, त्यातून नातीच्या वह्या यायच्या. त्या पैशासाठी त्यांना कुणापुढे हात पसरावा लागत नव्हता. नोटीस लिहिणाऱ्याने हे विचारात घेतलं नाही, कारण ते विचारात घ्यायची त्याला मुभाच नियमाने दिलेली नाही.

आणि हे सगळं कोणत्या राज्यात चाललंय? ज्या राज्याचं पशुसंवर्धन खातं स्वतः लोकांना कोंबड्या देतं. खडकी, कोल्हापूर, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथे सरकारची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रं आहेत. योजनेत लाभार्थ्याला ५० टक्के अनुदानावर २५ माद्या आणि ३ नर असा तलंगांचा गट मिळतो. अठ्ठावीस पक्षी, त्यात तीन आरवणारे, हे सरकारच देतं, त्याचा फोटो काढतं, अहवालात आकडा दाखवतं. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशातल्या परसातल्या पक्ष्यांची संख्या ३१.७ कोटी निघाली, आधीच्या गणनेपेक्षा जवळपास ४६ टक्क्यांनी जास्त, आणि ती यशाची गोष्ट म्हणून सांगितली गेली. मुंबईत आरे वसाहतीत केंद्र सरकारचं कुक्कुट विकासाचं केंद्र उभं आहे. त्याच आरेत वारल्यांचे आणि इतर आदिवासींचे २७ पाडे आहेत, त्यांच्या झोपड्यांपुढे कोंबड्या पिढ्यान्‌पिढ्या आहेत. मुंबई महापालिकेच्या हद्दीत केंद्र सरकारची कोंबडी चालते, तर गावठाणातल्या म्हातारीची का चालू नये? गावाची हद्द ओलांडली की विकासाची तीच कोंबडी उपद्रव कशी होते?

मोठ्या फार्मांचे नियम दाखवून लहानांना घाबरवण्याचा प्रकारही मी पाहिला आहे. वस्तीपासून ५०० मीटर अंतर हवं, असं सांगितलं जातं. ते अंतर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोल्ट्री फार्मच्या मार्गदर्शक सूचनांतलं आहे, आणि त्या सूचनांत ‘लहान’ फार्म सुरू होतं ५,००० पक्ष्यांपासून. पाच हजारांचा नियम पाचांना लावणं म्हणजे सायकलवाल्याकडे ट्रकचं परमिट मागणं.

शहर आणि कोंबडी एकत्र नांदू शकत नाहीत, असं ज्यांना अजून वाटतं त्यांनी आजूबाजूला पाहावं. केरळच्या राज्य कुक्कुट विकास महामंडळाने ‘नगरप्रिया’ नावाची योजना काढली ती शहरातल्या घरांसाठी, पाच कोंबड्या आणि त्यांच्यासाठी पिंजरा. न्यूयॉर्कचा आरोग्य नियम कोंबड्यांना परवानगी देतो, कोंबडा, बदक, हंस, टर्की यांना नाही. बेल्जियममधल्या मूक्रों शहराच्या पालिकेने तर घरातला ओला कचरा कमी व्हावा म्हणून स्वतःहून कुटुंबांना कोंबड्या वाटल्या. आपल्याकडे ओला कचरा घरीच जिरवा म्हणून पालिका घंटागाडीवरून रोज सांगते. भाजीची देठं, शिळा भात, दळणातला कोंडा दिवसभर खाऊन संपवणारा प्राणी परसात असेल तर तो त्याच कामात पालिकेला हातभार लावतो.

मी काय मागतोय ते स्पष्ट करतो, कारण ‘तुम्हाला प्रत्येक गॅलरीत कोंबडी हवी’ असं उत्तर मला मिळालेलं आहे. गॅलरीत नको. फ्लॅटमध्ये नको, तिथे शेजाऱ्यालाही त्रास आणि कोंबडीलाही. ज्यांना स्वतःचं अंगण किंवा परस आहे, गावठाणात, कोळीवाड्यात, पाड्यावर, वाडीत, हद्दीत आलेल्या गावात, त्यांच्यापुरतं हे बोलणं आहे. तिथे पाच-सहा कोंबड्यांपर्यंत कसलाही परवाना नको, फक्त वॉर्ड कार्यालयात फुकट नोंद. दाट वस्तीत कोंबडा नको. खुराडं शेजाऱ्याच्या खिडकीपासून ठरलेल्या अंतरावर, कोरडं, रात्री बंद होणारं. वर्षातून ठरलेल्या दिवशी लस. आवारात कापून विकायचं नाही. मेलेला पक्षी त्याच दिवशी कळवायचा. तक्रार आली तर निरीक्षकाने येऊन पाहायचं, काय चुकलं ते लेखी द्यायचं, सुधारायला महिना द्यायचा, आणि तरी सुधारलं नाही तर कारवाई. कुत्र्यासाठी परवाना आणि लशीचा दाखला देण्याची व्यवस्था महापालिकांकडे आहे. त्याच खिडकीवर ही नोंद होऊ शकते. यासाठी विधानसभेची वाट पाहायची गरज नाही. उपद्रव कशाला म्हणायचं, याचं एक पानी परिपत्रक आयुक्त काढू शकतात.

ते निघेपर्यंत ज्यांच्या दारावर असा कागद लागेल त्यांना एक विनंती. मावशींसारखं लगेच बाजारात जाऊ नका. आधी शेजाऱ्याला घरी बोलावून खुराडं दाखवा आणि त्याला नेमका काय त्रास होतो ते ऐकून घ्या. कोंबडा असेल तर तो गावच्या नातलगाकडे पोचता करा. मग माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज द्या. चारच गोष्टी विचारा: नोटीस कोणत्या कलमाखाली आहे, उपद्रव कुणी आणि कोणत्या तारखेला पाहिला, पंचनाम्याची प्रत कुठे आहे, आणि घरगुती कोंबड्यांबाबत पालिकेचा लेखी नियम कोणता. कार्यालयाला तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. त्याच दिवशी नोटिशीलाही लेखी उत्तर द्या, की जागेची पाहणी होईपर्यंत कारवाई थांबवावी. दोन्हींची पोच घ्या, तारखेच्या शिक्क्यासह.